बाबा चाळीस वर्षं कॅडी होते, त्यांना इंग्लंडमधलं एखादं जुनं गोल्फ कोर्स दाखवायचंय, कुठे नेऊ?

येरवड्याची लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

मी ब्रिस्टलला असते, चार वर्षं झाली. आईबाबा मे महिन्यात पहिल्यांदाच येतायत, सहा आठवडे. आईची यादी तयार आहे, लंडन, राजवाडा, म्यूझियम आणि रोज संध्याकाळी नातवाला घेऊन बाग. बाबांना विचारलं तर दोन दिवस काही बोललेच नाहीत, मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "एखादं जुनं गोल्फ कोर्स बघायला मिळालं तर बघू. नाही मिळालं तरी काही नाही."

आमचे बाबा पुण्यात एका गोल्फ क्लबवर कॅडी होते, म्हणजे खेळणाऱ्यांची बॅग उचलून त्यांच्यासोबत चालणारे. बारा वर्षांचे असताना चुलत्याचं बोट धरून गेले, आधी आगेवाला म्हणून, म्हणजे पुढे जाऊन उभं राहायचं आणि बॉल कुठे पडतो त्याच्यावर नजर ठेवायची, मग बॅग उचलायला लागले, शेवटची काही वर्षं नवीन पोरांना शिकवायचे. सोमवारी कोर्स बंद असायचं तेव्हा कॅडी लोकांना खेळू द्यायचे, बाबा कोणा साहेबांनी दिलेल्या एकाच सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे लोखंडी काठीने, अख्खा राउंड काढायचे, होलात ढकलायचा हलका पटसुद्धा त्यानेच. त्यांच्या त्या पगारावर आम्ही दोघी बहिणी शिकलो. पण त्या क्लबच्या जेवणाच्या हॉलमध्ये ते आयुष्यात एकदाही बसलेले नाहीत, कॅडींची शेड वेगळी, पार्किंगच्या मागे.

आता माझी भीती अशी की मी त्यांना एवढ्या लांब घेऊन जायचं आणि तिथे गेटवरूनच परत फिरायला लागायचं. ऑफिसमध्ये एकाने सांगितलं की नावाजलेल्या क्लबात मेंबरच्या ओळखीशिवाय आत पाय ठेवता येत नाही, आणि खेळायचं तर फी शेकड्याने पौंड. बाबांना खेळायचं नाहीये, गुडघे दुखतात, त्यांना फक्त चालायचंय आणि बघायचंय. खरंखुरं जुनं, खेड्यातलं असेल असं कोर्स हवंय. गाडीने अडीच तीन तासांत जाता येईल असं. कोणी गेलंय का?

डेव्हनचा वारा

ताई, तुमचं पोस्ट वाचून लगेच लिहायला बसलो. डोळे झाकून रॉयल नॉर्थ डेव्हन गोल्फ क्लबला घेऊन जा. गावाचं नाव वेस्टवर्ड हो!, उद्गारचिन्हासकट, एका कादंबरीवरून गावाला नाव दिलंय. मी अकरा वर्षं बार्नस्टेपलला आहे, आठवड्यातून एकदा तरी तिथे जातो, कधी खेळायला, कधी नुसता चालायला.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो, तिथे गेटच नाही. म्हणजे गाड्यांसाठी आहे, उन्हाळ्यात गाडीचे पैसे घेतात, पण पायी माणसाला अडवणारं कोणी नाही, कारण ती जमीन क्लबच्या एकट्याच्या हक्काची नाहीये. नॉर्थॅम बरोज नावाचं मोठं गायरान आहे, सव्वासहाशे एकरांच्या आसपास, आणि कोर्स त्या गायरानावरच आहे. आजही तिथे मेंढ्या आणि घोडी चरतात, अगदी फेअरवेवर, म्हणजे खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर. नॉर्थॅम गावच्या लोकांना गुरं चारायचा पिढीजात हक्क आहे, त्यांना पॉटवॉलपर म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ भांडं उकळवणारा, म्हणजे ज्याच्या घरी स्वतःची चूल पेटते असा माणूस. आपल्याकडे चूल वेगळी झाली की घर वेगळं धरतात ना, तसंच. ज्याची चूल गावात त्याचा हक्क गायरानावर.

क्लब १८६४ चा. इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या वाळूवरची म्हणजे लिंक्स जातीची जी कोर्सेस आहेत त्यात स्वतःच्या मूळ जागेवर अजूनही चालू असलेलं हे सगळ्यात जुनं. स्कॉटलंडहून ओल्ड टॉम मॉरिस आला होता आखणी करायला, नंतर १९०८ मध्ये हर्बर्ट फाउलरने बदल केले आणि आज खेळतात ते बरंचसं त्याचं. पहिल्यांदा बघाल तर वाटेल हे काय, नुसतं सपाट मैदान, कुठे झाड नाही. थोडं आत जा म्हणजे कळतं. चौथ्या होलला केप नावाचा बंकर म्हणजे वाळूचा खड्डा आहे, जवळजवळ शंभर यार्ड रुंद, त्याची भिंत रेल्वेच्या स्लीपरची म्हणजे लाकडी ओंडक्यांची, टी वरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, मारलेला बॉल त्याच्यावरून न्यायचा. पुढे दहाव्या होलपासून उंच काटेरी लव्हाळ्यांचं रान लागतं, पाती इतकी टोकदार की पँटमधून टोचतात. आणि वारा. वारा नसेल त्या दिवशी कोर्स सोपं वाटतं, पण असा दिवस वर्षातून किती वेळा येतो विचारा.

पण ताई मी हे कोर्स सुचवतोय ते या कशासाठीच नाही. जे. एच. टेलर हे नाव तुमच्या बाबांना कदाचित माहिती असेल. १८७१ ला नॉर्थॅम गावातच जन्मलेला गरीबाघरचा पोरगा, बाप लहानपणीच वारला, अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि याच कोर्सवर कॅडी झाला. हचिन्सन म्हणून गावातलं मोठं घर होतं, तिथे बूट पुसायचं काम पण केलं. सैन्यात जायचं होतं, नजर कमी आणि तळपाय सपाट म्हणून घेतलं नाही. मग इथेच ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मजूर म्हणून लागला. आणि हाच माणूस पुढे पाच वेळा ओपन, म्हणजे ब्रिटनमधली सगळ्यात मोठी गोल्फ स्पर्धा, जिंकला, १८९४, १८९५, १९००, १९०९ आणि १९१३. १८९४ ची ओपन स्कॉटलंडच्या बाहेर झालेली पहिली, केंटमध्ये सँडविचला, आणि ती जिंकणारा हा पहिला इंग्लिश प्रोफेशनल. त्याच्याआधी जिंकलेले दोघे इंग्लिश हौशी होते. म्हातारपणी तो परत नॉर्थॅमला येऊन राहिला आणि १९५७ ला याच क्लबने त्याला प्रेसिडेंट केलं. जिथे पोरवयात बॅगा उचलल्या त्याच क्लबचा प्रेसिडेंट. १९६३ ला गेला, एक्याण्णव वर्षांचा होऊन.

क्लबहाउसमध्ये जुन्या वस्तूंचं म्यूझियम आहे, जुन्या काठ्या, जुने बॉल, फोटो. तिथे जायचं असेल तर आधी क्लबला ईमेल करा, जे इथे लिहिलंय तेच साध्या शब्दांत लिहा, वडील चाळीस वर्षं कॅडी होते, टेलरचं गाव बघायला येतायत. माझा अनुभव आहे, चांगली माणसं आहेत.

ब्रिस्टलहून एम फाइव्ह, सत्तावीस नंबरला बाहेर, मग ए३६१ ने बार्नस्टेपल, पुढे बिडफर्ड. सव्वादोन ते अडीच तास. शाळांच्या सुट्टीत शनिवारी मात्र निघू नका, सगळं इंग्लंड त्या रस्त्यावर असतं.

ससेक्सवाला

डेव्हनवाल्या दादांनी छानच सांगितलंय, त्यात माझी थोडी भर. तुम्ही आईंना घेऊन लंडनला येणारच आहात तर तिथून एक दिवस काढून रॉयल अॅशडाउन फॉरेस्टला जाता येईल. व्हिक्टोरियाहून ट्रेनने ईस्ट ग्रिन्स्टेड तासाभरात, पुढे बसने फॉरेस्ट रो गाव. १८८८ चं कोर्स आणि त्याची खासियत म्हणजे एकही बंकर नाही. एकही. फॉरेस्ट म्हटलं तरी बहुतेक उघडं माळरान आहे, हीदर म्हणून जांभळ्या फुलांचं झुडूप सगळीकडे. जमिनीवर गावकऱ्यांचे चराईचे आणि सरपणाचे हक्क आणि ते सांभाळायला कायद्याने नेमलेलं मंडळ, त्यांनी जमीन खणून वाळूचे खड्डे करायला परवानगीच दिली नाही. मग आखणी करणाऱ्यांनी ओढे, चढउतार आणि हीदर यांच्यावरच काम भागवलं, आणि माझ्या मते म्हणूनच ते इतकं सुंदर राहिलंय.

तिथे १८९२ मध्ये गावातल्या कामकरी लोकांचा वेगळा क्लब निघाला, कँटलूप नावाचा. असे क्लब तेव्हा इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी होते, आर्टिझन क्लब म्हणायचे. गवंडी, माळी, सुतार, कॅडी यांनी कोर्सची कामं करून द्यायची आणि बदल्यात ठराविक वेळी खेळायचं, कुठे पहाटे तर कुठे संध्याकाळी. बाबांच्या सोमवारासारखंच झालं हे. त्या कँटलूप क्लबातून एब मिचेल नावाचा खेळाडू आला. पुढे बियांची पाकिटं विकून श्रीमंत झालेल्या सॅम्युएल रायडरचा तो शिक्षक झाला, आणि रायडर कप, म्हणजे युरोप आणि अमेरिकेच्या गोल्फ संघांमधल्या स्पर्धेचा कप, त्याच्या वर जी माणसाची छोटी मूर्ती उभी आहे ना ती एब मिचेलची आहे. दर दोन वर्षांनी टीव्हीवर लोक तो कप बघतात पण वर कोण उभा आहे ते फार थोड्यांना माहिती असतं.

आणि गंमत बघा, दोन्ही कोर्सेसचा धागा जुळतो. १९१२ ची हौशी चॅम्पियनशिप वेस्टवर्ड हो! ला झाली, फायनलला हा एब मिचेल आणि समोर जॉन बॉल. छत्तीस होल बरोबरीत, शेवटी अडतिसाव्याला मिचेल हरला. हे बाबांना त्या जागेवर उभं राहून सांगा.

येरवड्याची लेक

दोघांना खूप खूप धन्यवाद. मी हे काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवलं. टेलरचं नाव त्यांना माहिती होतं! म्हणाले क्लबच्या एका खोलीत जुन्या खेळाडूंचे फोटो होते, दारातून दिसायचे, त्यात टोपी खाली ओढलेला एक मिशीवाला होता, नाव टेलर. तो कॅडी होता हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाच सेकंद गप्प झाले आणि मग विचारलं, "खरं का गं?"

तर डेव्हन पक्कं. आता काही प्रश्न. चालताना बॉल लागायची भीती किती, मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. कपड्यांचं काय, क्लबहाउसमध्ये जायचं तर बाबांकडे सूट नाही. आणि गुडघ्यांचं म्हटलं तसं, साधारण दोन किलोमीटर नीट चालतात, मग बसावं लागतं.

रोजची फिरणारी

मी बिडफर्डला राहते, कुत्र्याला घेऊन जवळजवळ रोज बरोजवर असते. गोल्फमधलं मला फार कळत नाही पण चालण्यातलं कळतं म्हणून लिहिते.

बॉलची भीती थोडी आहेच, खोटं सांगणार नाही, वाऱ्याने बॉल कुठच्या कुठे जातो. नियम सोपा, फेअरवे ओलांडायचा असेल तर आधी दोन्ही बाजूला बघायचं, कोणी टी वर उभा असेल तर थांबायचं आणि त्याचं मारून झालं की सरळ पटकन पार व्हायचं, मध्ये फोटो काढत उभं राहायचं नाही. कोणी "फोर" ओरडलं तर वर बघू नका, डोकं हाताने झाकून खाली वाका. मुलाला पूर्ण वेळ समुद्राच्या बाजूला ठेवा, तिथे पेबल रिज आहे, करड्या गोल गुळगुळीत धोंड्यांचा दोन मैलांचा नैसर्गिक बांध, एकेक धोंडा पाट्यावरच्या वरवंट्यापेक्षा मोठा. मुलं त्यावर तासन्‌तास रमतात. फक्त धोंडे हलतात, तुमच्या वडिलांना त्याच्यावर चढू देऊ नका, गुडघ्याला अजिबात चांगलं नाही.

त्या बांधाची एक गोष्ट सांगते. हिवाळ्यात समुद्र खवळला की धोंडे बरोजवर आत फेकले जायचे आणि गावचे पॉटवॉलपर जमून ते हाताने परत बांधावर टाकायचे, तोच त्यांच्या चराईच्या हक्काचा मोबदला. आता समुद्र दरवर्षी जास्त आत येतोय, कोर्सच्या त्या बाजूच्या होलांची आखणी पण त्यामुळे बदलावी लागली. जुनी माणसं पूर्वी समुद्र कुठवर होता ते हाताने दाखवतात तेव्हा पोटात तुटतं. बघायचं असेल त्याने लवकर बघून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कपडे नीटनेटके असले की झालं, कॉलरवाला शर्ट आणि साधी पँट, सूट कशाला. वारा अडवेल असं जॅकेट मात्र मे महिन्यात पण हवंच हवं, कानटोपी असेल तर आणा, हसू नका. आणि गाडी आतल्या रस्त्यावर नेता येते, थोडं चाललं की परत गाडीत बसता येतं.

जुनी पानं

मी कोर्सवर नाही गेलेलो पण टेलरबद्दल वाचलंय बरंच, दोन गोष्टी राहिल्यात त्या टाकतो.

एक म्हणजे टेलर नुसता स्वतः वर गेला नाही. १९०१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची संघटना, पीजीए, निघाली त्यात तो पुढे होता, पहिला चेअरमन तोच. तेव्हा प्रोफेशनल म्हणजे क्लबचा नोकर, काठ्या दुरुस्त करायच्या, बॉल विकायचे, मेंबरला शिकवायचं, आणि क्लबहाउसमध्ये पुढच्या दाराने प्रवेश नाही. त्या लोकांना भाव मिळावा, म्हातारपणी आधार असावा यासाठी त्याने आयुष्यभर खटपट केली. सार्वजनिक कोर्स काढायच्या मागेही तो होता, लंडनच्या रिचमंड पार्कमधलं पहिलं पब्लिक कोर्स १९२३ मध्ये उघडलं त्याच्या आखणीत त्याचा हात आहे. ते अजून चालू आहे, मेंबर असायची गरज नाही. बाबांचे गुडघे चालले तर लंडनला असताना तिथे त्यांना एक बादली बॉल तरी मारू द्या!

दुसरं आपल्याकडचं. चौरासिया माहितीये ना, कोलकात्याचा गोल्फर. वडील रॉयल कलकत्ता क्लबवर ग्रीनकीपर, आणि तो क्लब १८२९ चा म्हणजे वेस्टवर्ड हो! पेक्षा पस्तीस वर्षं जुना. पोरगं तिथेच वाढलं, कॅडी झालं, बघून बघून शिकलं आणि इंडियन ओपन लागोपाठ दोनदा जिंकलं, २०१६ आणि २०१७. दिल्लीचा अली शेर त्याच्या आधीचा, तोही कॅडी, १९९१ ला जिंकला. तुमचे बाबा याच परंपरेतले आहेत, त्यांना तसंच सांगा.

येरवड्याची लेक

मंडळी, जाऊन आलो! उशिरा लिहितेय कारण परत आल्यावर पोराला ताप आला, आता बरा आहे.

क्लबला ईमेल केलं होतं, दोन दिवसांत उत्तर आलं, या, म्यूझियम दाखवतो. मंगळवारी सकाळी सहाला निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि बूट आदल्या रात्री स्वतः पॉलिश करून ठेवले होते. गाडीत आई बोलत होती, बाबा नुसते खिडकीतून बघत होते.

बरोजवर उतरलो आणि पहिली नजर गेली ती ग्रीनच्या कडेला बसून रवंथ करणाऱ्या मेंढ्यांवर. बाबा एकदम थांबले. म्हणाले, "हे तर गायरान आहे आपलं." त्यांच्या क्लबवर कुंपणातून म्हशी आत आल्या की कॅडींनाच ओरडा बसायचा, त्या हाकलायला हेच पळायचे. इथे घोडी फेअरवेवर उभी आणि दोन माणसं शांतपणे ती बाजूला व्हायची वाट बघतायत, हे ते किती वेळ बघत होते. मग खाली बसून गवताला हात लावला, माती चिमटीत घेतली, वाळू बघितली आणि मला समजावलं की म्हणून इथे पाणी साचत नाही, पावसाळ्यात पण खेळता येत असणार, आमच्याकडे काळी माती होती चार महिने चिखल.

केप बंकर लांबून बघितला. बाबा टी च्या मागे बरंच अंतर ठेवून उभे राहिले, हात मागे बांधून, अगदी कॅडी उभा राहतो तसे, आणि वारा तोंडावर घेऊन म्हणाले इथे पोरं ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, मारतात ते चूक, त्याहून छोटी काठी, तीन नंबरचं लाकूड, डावीकडून. मला त्यातलं काही कळत नाही पण पाच मिनिटांनी एकाने ड्रायव्हर काढला आणि बॉल त्या ओंडक्यांवर आपटून मागे आला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

आता जे सांगायला हे सगळं लिहितेय ते. लव्हाळ्यांच्या बाजूला आम्ही वाटेच्या कडेला एका उंचवट्यावर बसलो होतो, बाबांचा गुडघा दुखायला लागला होता. दोन म्हातारे गृहस्थ खेळत आले, स्वतःच ट्रॉली ओढत. एकाचा बॉल वाऱ्याने उजवीकडे त्या काटेरी रानात गेला. दोघं शोधायला लागले, भलत्याच ठिकाणी, निदान वीस यार्ड मागे. बाबा बसल्या जागी अस्वस्थ झाले, मला म्हणाले त्यांना सांग पुढे आहे. मी संकोचले. तर स्वतःच उठले, हात वर करून त्यांना दाखवला आणि गुडघा धरत सरळ त्या रानाकडे चालायला लागले, एकदाही इकडे तिकडे न बघता. तिसऱ्या जुडीच्या डावीकडे थांबले आणि बोटाने खाली दाखवलं. बॉल तिथेच. उचलला नाही, हात पण लावला नाही, पाती जरा बाजूला धरून उभे राहिले.

ते गृहस्थ आले, बॉलवरची खूण बघितली, आणि त्यांनी बाबांना काय विचारलं असेल, "यू कॅडी?" बाबा म्हणाले, "फॉर्टी इयर्स, पूना." त्या माणसाने हातमोजा काढला आणि शेकहँड केला. मग दुसऱ्यानेही. बाबांना इंग्लिश थोडंच येतं पण गोल्फचं सगळं इंग्लिश येतं, दहा मिनिटं ते तिघं बोलत होते आणि मागून येणारे थांबले होते तेही काही म्हणाले नाहीत.

दुपारी क्लबहाउस. ज्यांनी म्यूझियम दाखवलं त्यांना बाबा कॅडी होते हे ईमेलमुळे माहितीच होतं, त्यांनी घाई केली नाही. जुन्या काठ्या, हिकरीच्या लाकडाचे दांडे. बाबांनी एका काठीसमोर थांबून म्हटलं "मॅशी", त्यांच्या लहानपणी म्हातारे कॅडी पाच नंबरच्या आयर्नला अजून मॅशीच म्हणायचे, त्यांना वाटायचं तो मराठीच शब्द आहे. दाखवणारे गृहस्थ म्हणाले टेलरचा हुकमी एक्का मॅशीच होता. पिसं भरून शिवलेला चामड्याचा बॉल, मग गटापर्चाचा, झाडाच्या चिकाचा, तो १८४८ च्या सुमारास आला आणि स्वस्त होता म्हणून साधी माणसं पण खेळायला लागली, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी बाबांसाठी मराठीत सांगत गेले. टेलरच्या फोटोसमोर बाबा बराच वेळ उभे होते. टोपी तशीच खाली ओढलेली. मी फोटो काढू का विचारलं तर म्हणाले थांब, आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

नंतर आम्ही तिथेच जेवलो. खिडकीजवळचं टेबल मिळालं, बाहेर शेवटचं ग्रीन आणि त्याच्या पुढ्यातला ओढा दिसत होता. आईने सूप आणि ब्रेड घेतला, बाबांनी चहा आणि सँडविच. वेट्रेस मुलीने त्यांना सर म्हटलं. बाबांनी सँडविच संपवलं, नॅपकिन घडी करून ठेवला आणि खुर्चीत मागे टेकून बसले, मी त्यांना कुठल्याही हॉटेलात असं टेकून बसलेलं बघितलं नव्हतं, नेहमी पुढे सरकून बसतात उठायच्या तयारीत.

डेव्हनवाले दादा, तुम्हाला कसे धन्यवाद देऊ. बाबांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, तुम्ही केपला कुठली काठी घेता ते कळवा.

डेव्हनचा वारा

ताई, तीनदा वाचलं. बायकोला पण वाचून दाखवलं.

बाबांना सांगा मी आजवर ड्रायव्हरच घेत आलो आणि निम्म्या वेळा ओंडक्यावरच आदळलोय. या रविवारी तीन नंबरचं लाकूड, डावीकडून. काय होतं ते इथे येऊन लिहितो.

ससेक्सवाला

फार छान लिहिलंत. अॅशडाउनला कधी येताय? आलात तर मी स्टेशनवर गाडी घेऊन येतो, बाबांना बस बदलायला नको.

रोजची फिरणारी

मंगळवारी! मी पण होते हो सकाळी, पांढऱ्या शर्टातले एक आजोबा मेंढ्यांकडे बघत उभे होते, मी त्यांना गुड मॉर्निंग म्हटलं. तुमचेच असणार. गुडघा कसा आहे आता?

येरवड्याची लेक

हो तेच! त्यांना आठवतंय, काळं कुत्रं होतं म्हणाले. गुडघा बरा आहे, दोन दिवस शेकला. ससेक्सवाले दादा, चौदा तारखेला आम्ही लंडनला आहोत, पंधराला सकाळी अॅशडाउन जमेल का? बाबांना आधी विचारलं, ते म्हणाले बंकर नसलेलं कोर्स असूच शकत नाही, बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही.